दात एकाला, धसका सातांना

गणित सोपं वाटेल. रात्रीच्या अंधारात एक बिबट्या कुंपण ओलांडून काळविटांच्या आवारात शिरतो, एकाला धरतो आणि पहारेकऱ्यांची चाहूल लागताच पसार होतो. सकाळी मोजदाद होते. किती काळवीट कमी भरायला हवेत? एक. प्रत्यक्षात भरले आठ.

ही गोष्ट आहे गुजरातमधल्या केवडियाची. स्टॅच्यू ऑफ युनिटीजवळच्या जंगल सफारीत २०२५ साल उजाडता उजाडता हे घडलं. तिथे कुंपण होतं, कॅमेरे होते, रात्रीचे पहारेकरीही होते. बिबट्याने मारला एकच. बाकीचे सात त्या गोंधळात घाबरून दगावले, असं वन विभागाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. म्हणजे दात लागले एकाला, आणि धसका घेतला सातांनी.

तुम्ही म्हणाल, घाबरून कोणी मरतं का? हरीण मरतं. आणि हे एकदा नीट कळलं की कुंपणात पाळलेल्या हरणांना शिकारी जनावरांपासून वाचवायचं कसं, जखमी झालं तर उपचार काय करायचे आणि उद्या तुमच्या गावाबाहेर कुत्र्यांनी फाडलेलं चितळ दिसलं तर तुम्ही काय करायचं, या सगळ्याची उत्तरं एका ओळीत येतात : त्याची धावपळ थांबवा. जखमेचं नंतर बघू.

‘लेग डे’चा भयंकर अवतार

जिमला जाणाऱ्यांना हे पटकन समजेल. सवय नसताना कोणी पहिल्याच दिवशी पायांचा बेसुमार व्यायाम केला, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. त्याहून अति केलं, तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं, लघवी चहासारखी होते आणि मूत्रपिंडं संपावर जातात. याला डॉक्टर ‘रॅब्डो’ म्हणतात.

हरणाच्या बाबतीत हेच घडतं, पण काही मिनिटांत. हरणाचं शरीर थोडा वेळ तुफान पळण्यासाठी बनलेलं आहे. जंगलात पाठलाग बहुतेकदा लवकर संपतो. हरीण सुटतं किंवा पकडलं जातं. पण कुंपणात पळायला जागाच नसते. ते जाळीपर्यंत जातं, आपटतं, वळतं, पुन्हा पळतं. स्नायूंत आम्ल साचत जातं, अंगाचं तापमान चढतं आणि रक्ताचा तोल बिघडतो. कधी हृदय तिथल्या तिथे बंद पडतं. कधी हरीण उठून उभं राहतं, ‘वाचलं बुवा’ असं सगळ्यांना वाटतं, आणि दोन-चार दिवसांनी ते मागचे पाय ओढत खाली बसतं, ते परत उठत नाही. पशुवैद्यक याला ‘कॅप्चर मायोपथी’ म्हणतात. सलाईन, वेदनाशामक औषधं, शांतता असे उपचार करून बघतात, पण हमखास बरं करणारं औषध आजही नाही. म्हणून जगभर हरणं सांभाळणारे एकच गोष्ट घोकतात : हे होऊच द्यायचं नाही.

हरणांची शेती कुठे होते?

आपल्याकडे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरीण पकडणं हाच गुन्हा आहे, मग शेळीसारखं दावणीला बांधणं लांबच राहिलं. (जाता जाता : काळवीट आणि चिंकारा शास्त्राच्या हिशेबाने ‘हरीण’ नाहीत, ते कुरंग. चितळ-सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. काळविटाची आयुष्यभर तीच राहतात. पण धसका घ्यायच्या बाबतीत दोघं सारखीच, म्हणून इथे बोलीभाषेप्रमाणे सगळ्यांना हरीणच म्हणू.)

या शेतीचं मोठं घर म्हणजे न्यूझीलंड. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी तिथे शिकारीच्या हौसेपोटी तांबडी हरणं नेऊन सोडली. तिथे ना वाघ, ना लांडगा. हरणं इतकी वाढली की डोंगरउतार उघडे पडू लागले आणि १९३० च्या दशकापासून सरकारने पगारी शिकारी नेमले. पुढे मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि १९६० च्या दशकात हेलिकॉप्टरमधून हरणं टिपली जाऊ लागली. १९६९ साली हरीणपालनाला कायद्याने परवानगी मिळाली. आता हरणं जिवंत हवी होती. मग हेलिकॉप्टरमधून जाळं टाकायचं, नाहीतर चक्क हरणाच्या अंगावर उडी मारायची, असा प्रकार सुरू झाला. त्या काळात हातात आलेली कितीतरी हरणं अंगावर ओरखडाही नसताना मेली. न्यूझीलंडचे शेतकरी शांतता शिकले, ते या नुकसानीतून.

आज तिथल्या हरणांच्या शेडमध्ये गेलात तर पहिली गोष्ट जाणवेल ती अंधार. मंद उजेडात हरीण शांत उभं राहतं, म्हणून वजन करायचं, लस टोचायची त्या खोल्या मुद्दाम अंधाऱ्या ठेवतात. भिंती सपाट आणि भरीव असतात. फटीतून काही दिसलं की हरीण तिकडे झेप घेतं. कोपरे काटकोनात नसतात, कारण घाबरलेला कळप कोपऱ्यात एकमेकांवर चढतो. माणसं ओरडत नाहीत, काठ्या आपटत नाहीत. हरणांना रोजची सवय झालेल्या वाटेनेच हळूहळू आत घेतात.

कुंपण : बाहेरच्यांसाठी आणि आतल्यांसाठीही

शिकारी जनावर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाघ-बिबटे येतात. न्यूझीलंडमध्ये मोठं शिकारी जनावर नाहीच. तिथे धोका मोकाट कुत्र्यांचा. अमेरिकेत कायोटी, अस्वलं आणि पुन्हा कुत्रीच. त्यामुळे कुंपणाचा विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

उंची ही पहिली बाब. हरणाने बाहेर उडी मारू नये म्हणून न्यूझीलंडमध्ये साधारण दोन मीटर, तर अमेरिकेत आठ फुटांची जाळी लावतात. पण कुत्रा किंवा कायोटी सहसा वरून येत नाही, तो खालून उकरतो. म्हणून जाळीचा पट्टा तळाशी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा वळवून गाडतात. जनावर कुंपणाशी येऊन उकरायला लागतं आणि नखं जाळीलाच लागतात. त्याच्या थोडं पुढे, त्याच्या नाकाच्या उंचीला, विजेची तार. आपल्याकडे शेताला ‘झटका मशीन’ लावतात ना, तोच प्रकार. ओढा जिथे कुंपणाखालून जातो ती जागा सगळ्यात कच्ची. पावसाळ्यानंतर पहिली फेरी तिथेच मारायची. बिबट्याचं मात्र वेगळं. तो चढतो आणि उडीही मारतो. त्याच्यासाठी कुंपणालगतची झाडं आणि लोंबत्या फांद्या काढाव्या लागतात, आणि रात्रीच्या निवाऱ्याला छत लागतं.

आता आतली बाजू. घाबरलेल्या हरणाला पळताना बारीक तारेची जाळी दिसतच नाही. मान मोडते, पाय अडकतो, जबडा फुटतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी जाळीला आतून कापड किंवा शेडनेट लावतात. याचे दोन फायदे. हरणाला ‘इथे भिंत आहे’ हे कळतं, आणि बाहेर फिरणारा कुत्रा दिसत नाही. कुत्रा आत आलाच नाही, नुसता रात्रभर जाळीबाहेर भुंकत फेऱ्या मारत राहिला, तरी आतला कळप पळून पळून दमू शकतो. कुंपण शाबूत आणि हरणं आडवी, असंही होतं.

सगळ्यात नाजूक काळ पाडसांचा. जन्मल्यावर पहिले काही दिवस पाडस गवतात निपचित पडून राहतं. आई मुद्दाम लांब चरते आणि दिवसातून काही वेळाच पाजायला येते. हीच त्यांची संरक्षणाची युक्ती. म्हणून या दिवसांत हरणपाल गवत उंच ठेवतात आणि त्या भागात जाणं-येणं कमी करतात. आपणच सारखे फिरलो तर आई बिचकते आणि पाडस जागा सोडून पळतं.

जिथे कुंपणच नसतं

उत्तर युरोपातल्या सामी लोकांकडे हा प्रश्न वेगळ्याच रूपात येतो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये त्यांचे रेनडिअरचे कळप डोंगर-जंगलांत मोकळे चरतात. मागावर असतात लिंक्स, लांडगे, अस्वलं, सोनेरी गरुड आणि वुल्व्हरिन (एक्स-मेनमधला नव्हे, खराखुरा). एवढ्या प्रदेशाला कुंपण घालणार कसं? काही जण रेनडिअरच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधतात, काही पाडसं जन्मायच्या काळात माद्यांना तात्पुरत्या कुंपणात आणतात.

पण खरी मेख भरपाईत आहे. मेलेलं रेनडिअर दाखवा आणि पैसे घ्या, अशी पद्धत असली तर बर्फात, जंगलात हरवलेल्या जनावराचा पुरावा आणायचा कुठून? आणि शिकाऱ्याने मारलं नाही, नुसतं पळवलं, त्याने गाभण मादी खंगली, तर ते नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचं? स्वीडनने १९९६ मध्ये पद्धतच बदलली. पशुपालकांच्या भागात लिंक्स, वुल्व्हरिन यांचा वावर किती, त्यांना पिल्लं किती झाली, यावर पैसे ठरू लागले. म्हणजे शिकारी जनावर जिवंत असण्याची किंमत सरकार मोजतं. पैसे पुरत नाहीत ही सामींची तक्रार आहेच. तरी विचार लक्षात घ्या : नुकसान फक्त मृतदेहांत मोजायचं नसतं.

जखम छोटी दिसते, असते मोठी

समजा, हल्ला झालाच. मग पशुवैद्यक काय करतात?

आधी जखम वाचतात. बिबट्या किंवा वाघ शक्यतो गळा धरतो. कुत्री मांड्या, पोट, कान असं सापडेल तिथे ओरबाडतात. दाताचं भोक वरून हरभऱ्याएवढं दिसतं, पण धरून झटकल्यामुळे आतलं मांस चेचलेलं असतं, आणि तोंडातली घाण खोलवर गेलेली असते. म्हणून केस कापून जखम सलाईनने भरपूर धुतात. कुत्र्याच्या चाव्याची जखम बहुधा घट्ट शिवून टाकत नाहीत. आतला पू बाहेर यायला वाट ठेवतात. मग अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि धनुर्वाताची काळजी. उन्हा-पावसाच्या दिवसांत माश्या बसून जखमेत किडे पडतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. नर हरणांची नवी शिंगं मखमली कातडीखाली वाढत असतात, तेव्हा ती दुखावली तर भळाभळा रक्त वाहतं, कारण त्या शिंगात जिवंत रक्तवाहिन्या असतात.

हे सगळं करताना हरीण शुद्धीवर धडपडत असेल तर उपचारच त्याला मारतील. म्हणून डोळ्यांवर कापड, कानांशी शांतता आणि गरजेप्रमाणे झायलाझीनसारखं गुंगीचं औषध. काम झालं की उतारा देऊन त्याला शुद्धीवर आणतात. शिवाय हरीण रवंथ करणारं, गाई-म्हशींसारखं चार कप्प्यांच्या पोटाचं जनावर आहे. कुशीवर आडवं पडून राहिलं तर पोट फुगतं आणि पोटातलं पाणी घशात येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून त्याला छातीवर बसवून, डोकं उंच ठेवतात.

आणखी एक धोका दिसत नाही : रेबीज. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये शाही हरणांचे कळप आहेत. १८८६-८७ मध्ये तिथे रेबीज शिरला आणि दोनशेहून जास्त हरणं गेली. पिसाळलेली हरणं एकमेकांना चावत होती. तेव्हा कुत्र्याने चावलेलं हरीण हाताळताना हातमोजे हवेतच, आणि लाळ जखमेला लागलीच तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना गाठायचा.

कधी कधी मात्र कंबरेचं हाड मोडलेलं असतं, पोट फाटलेलं असतं. तेव्हा वेदना न वाढवता शांतपणे मरण देणं हाच उपचार उरतो. हा निर्णय पशुवैद्यकाचा असतो, आपला नाही.

आता आपल्या गावाकडे या

आपण हरणं पाळत नाही, पण ती आपल्या बांधावर येतात. सोलापूरचं नान्नज, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी, विदर्भातली जंगलालगतची गावं. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात काळवीट, चितळ वस्तीजवळ येतात आणि उकिरड्यावर पोसलेली कुत्र्यांची टोळी मागे लागते. एखाद्या पोराला दया येते, तो कुत्री हाकलतो. इथपर्यंत शाबास. त्यानंतर जे होतं ते तुम्ही कुठल्या ना कुठल्या व्हिडिओत पाहिलं असेल. शंभर माणसं गोळा होतात. पाय बांधतात. तोंडात बाटलीने पाणी ओततात. कोणी मांडीवर डोकं घेतं, कोणी पाठीवरून हात फिरवतं, कोणी रील काढतं. हरीण अगदी गप्प असतं. सगळ्यांना वाटतं, बिचाऱ्याला माया कळली.

ते गप्प असतं, कारण भीतीने गोठलेलं असतं. त्याच्या लेखी कुत्री गेली आणि त्यांच्याहून मोठा कळप आला. तुमचा प्रेमाचा हात आणि बिबट्याचा पंजा यांतला फरक त्याला कळत नाही. संध्याकाळी ते मरतं आणि दोष कुत्र्यांच्या चाव्याला जातो.

म्हणून, जखमी हरीण दिसलं तर एवढं करा :

• कुत्री हाकला, पण हरणामागे धावू नका. ते चालत जंगलाकडे जाऊ शकत असेल तर वाट मोकळी करा.

• वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. नेमकी जागा, जनावर, जखम कुठे आहे ते सांगा. एक फोटो लांबून, झूम करून काढा. तो डॉक्टरांच्या कामाचा असतो.

• गर्दी मागे हटवा. आवाज बंद, हॉर्न बंद, फ्लॅश बंद.

• ते पडून असेल तर चादर, ओढणी, गोणपाट, जे असेल त्याने हलकेच डोळे झाका. नाक-तोंड मोकळं ठेवा. सावली करा.

• छातीवर बसलेलं असेल तर तसंच राहू द्या. पाणी, दूध, बिस्किट तोंडात घालू नका. पाणी श्वासनलिकेत जातं.

• जखमेवर हळद, चुना, माती लावू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, शक्यतो हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून.

• गवतात एकटं पाडस दिसलं आणि ते जखमी नसेल, तर उचलू नका. आई जवळच असते आणि तुमच्या जाण्याची वाट बघत असते.

• घरी नेऊन पाळायचा विचारही नको. काळवीट कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जनावर तुमच्या ताब्यात आलंच, तर ४८ तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या हरणासाठी ४८ मिनिटंही फार आहेत.

पुढचं काम वन विभागाचं. पुण्यात बावधनला, नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहेत. तिथे माणसांचा वावर कमी ठेवून जनावराला बरं करतात आणि शक्य झालं तर परत सोडतात.

अर्थात, ही सगळी आग लागल्यावरची धावाधाव झाली. कुत्र्यांच्या टोळ्या तयार होतात त्या आपल्या उकिरड्यावर. ढाब्यामागे टाकलेलं उरलंसुरलं, कोंबडीच्या दुकानामागचा कचरा, लग्नानंतर माळावर ओतलेलं अन्न. कुत्र्यांना दगड मारून हे सुटत नाही. कचरा उचलला जातो का, नसबंदी आणि लसीकरण होतं का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. अठरा वर्षं पूर्ण झाली असतील आणि नाव मतदार यादीत असेल, तर ग्रामसभेत तुमचा तो हक्कच आहे.

आणि तोवर कुठे हरणाभोवती गर्दी दिसली, तर आत घुसून बघणारे शंभर जण तिथे आधीच असतात. ‘मागे व्हा, आवाज करू नका’ म्हणणारा बहुतेकदा कोणीच नसतो. ती जागा रिकामी आहे. १९२६ हा नंबर आत्ताच सेव्ह करा, आणि वेळ आली की त्या जागेवर उभे राहा.